उपहास, उपरोध आणि 'अंगदम्' : कुंभकोणमच्या निमित्ताने एक अनुवादविचार

शोक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणे कठीण असले, तरी शोकाची ओळख पटण्यास सहसा अडचण पडत नाही. उपहासाची गोष्ट निराळी आहे. त्यात जे बोलले जाते आणि जे अभिप्रेत असते त्यांच्यामध्ये अंतर असते, आणि ते अंतर ओळखण्याची खूण बहुधा शब्दांत नसून बोलणाऱ्याच्या स्वरात, त्याच्या स्थानात आणि ऐकणाऱ्याशी असलेल्या त्याच्या नात्यात असते. अनुवादात शब्द पुढे जातात आणि ही खूण मागे राहते. त्यामुळे स्तुती निंदा होऊन पोहोचते, निंदा स्तुती होऊन पोहोचते, आणि मूळ ग्रंथकाराला जे म्हणावयाचे नव्हते त्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते. डॅनियल डीफो याने १७०२ साली कट्टर धर्मपक्षाच्या आवाजात, विरोधकांचा नायनाट कसा करावा हे सांगणारी पुस्तिका लिहिली. काही वाचकांनी ती अक्षरशः खरी मानली, आणि पुढील वर्षी लेखकाला भर बाजारात शिक्षेच्या खोड्यात उभे राहावे लागले. तेथे भाषाही एकच होती आणि काळही एकच होता. दोन भाषा आणि दोन काळ यांचे अंतर पडले म्हणजे हा धोका किती वाढतो, याची कल्पना करता येईल.

उपहासवाचक शब्दांच्या अनुवादाचा विचार मराठीत प्रायः इंग्रजी संज्ञा प्रमाण मानून केला जातो. 'आयरनी'ला उपरोध, 'सटायर'ला उपहास, 'पॅरडी'ला विडंबन, असे प्रतिशब्द योजले की काम संपले, अशी समजूत दिसते. परंतु युरोपीय भाषांमध्येच या संज्ञांचा आपापसांत मेळ नाही. दुसरे असे की, भारतीय भाषांनी याच प्रदेशाची मोजणी फार पूर्वी, निराळ्या रेषांनी केलेली आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहण्यास कावेरीकाठचे कुंभकोणम हे गाव विशेष सोयीचे आहे, कारण मराठी आणि तमिळ या दोन भाषा तेथे शतकानुशतके एका छपराखाली नांदल्या आहेत.

१. युरोपीय संज्ञांची अस्थिरता

'आयरनी' या शब्दाचे मूळ ग्रीक 'आयरोनेइआ'मध्ये आहे. ग्रीक सुखात्मिकेत 'आयरोन' हे एक पात्र असे. तो असतो त्याहून कमी असल्याचे सोंग घेई आणि 'अलाझोन' या बढाईखोराला उघडे पाडी. आपल्याला काहीच कळत नाही असे म्हणत प्रश्न विचारणाऱ्या सॉक्रेटिसाला हा शब्द चिकटला तो निंदेच्या अर्थाने, पुढे तोच गौरवाचा झाला. मूळ कल्पनेत हसणे गौण होते, सोंग प्रधान होते.

हा शब्द लॅटिनमध्ये नेताना रोमन पंडितांना जी अडचण आली ती आजही बोधप्रद आहे. त्यासाठी 'दिस्सिमुलातिओ', म्हणजे लपवणूक किंवा बतावणी, हा प्रतिशब्द पुढे आला होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन याने त्याची नोंद घेतली, परंतु या प्रतिशब्दाने अलंकाराची संपूर्ण शक्ती व्यक्त होत नाही असे सांगून ग्रीक नावच कायम ठेवणे पत्करले. त्याने पुढे जे सांगितले ते अधिक महत्त्वाचे आहे. शब्दाच्या उलट अर्थ घ्यावयाचा आहे हे उच्चारावरून, बोलणाऱ्या व्यक्तीवरून किंवा विषयाच्या स्वरूपावरून कळते, असा त्याचा अभिप्राय आहे. संस्कृत साहित्यशास्त्रात 'काकू' म्हणजे स्वरभेद ही वक्रोक्तीची एक वाट मानली आहे, तिचे येथे सहज स्मरण होते.

आधुनिक युरोपीय भाषांत ही अस्थिरता वाढलेली दिसते. जर्मन 'विट्झ' आणि इंग्रजी 'विट' हे सख्खे भाऊ, परंतु आज पहिल्याचा अर्थ मुख्यतः विनोदी चुटका आणि दुसऱ्याचा बुद्धिचापल्य असा आहे. 'पर्सिफ्लाज' हा अठराव्या शतकातील फ्रेंच दिवाणखान्यांत रुजलेला शब्द. वरकरणी सभ्य राहून समोरच्याला हास्यास्पद करणे, हा त्याचा फ्रेंच भाव. इंग्रजीत तो गेला आणि हलक्याफुलक्या थट्टेचा वाचक झाला, तर जर्मनमध्ये अनुकरणातून केलेल्या चतुर विडंबनाचा. एकच शब्द, एकच लेखन, आणि तीन भाषांत तीन निरनिराळे अपराध. जर्मन भाषा 'श्पॉट' आणि 'होन' असा जो भेद करते, त्यात दुसऱ्यात तुच्छता आणि क्रूरता अधिक. इंग्रजी 'मॉकरी'त हे दोन्ही मिसळून जातात.

इंग्रजीने 'आयरनी'चा विस्तारही फार केला. १८३३ साली कॉनप थर्लवॉल याने सोफोक्लीझच्या नाटकांच्या संदर्भात या शब्दाचा जो विचार मांडला, त्यापासून पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणे हाही 'आयरनी'चा प्रकार मानला जाऊ लागला. त्याआधी फ्रीड्रिख श्लेगेल याच्या हाती ती कलावंताची स्वतःच्या निर्मितीकडे पाहण्याची वृत्ती झाली होती. परिणामी मराठी अनुवादकाला एका इंग्रजी शब्दासाठी प्रसंगानुसार उपरोध, वक्रोक्ती, विसंगती आणि दैवदुर्विलास एवढे शब्द हाताशी ठेवावे लागतात. दैवदुर्विलासात उपरोध करणारा कोणीच नसतो. म्हणून 'आयरनी म्हणजे उपरोध' हे समीकरण तेथे पूर्णपणे निष्फळ ठरते.

२. मराठी शब्दांचे पूर्ववृत्त

मराठीने जे शब्द प्रतिशब्द म्हणून नेमले, त्यांचे स्वतःचे पूर्वायुष्य पाहणेही आवश्यक आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे जे सहा भेद आहेत, त्यांत 'उपहसित' हा एक आहे. तो मध्यम प्रकृतीच्या पात्राचा. तेथे तो हसण्याच्या रीतीचा भेद आहे, हसण्यामागील हेतूचा नव्हे. मराठी 'उपहास'मध्ये मात्र हेतूच सर्वस्व झाला आहे. 'उपरोध' या शब्दाचा संस्कृतातील प्रमुख अर्थ अडथळा, वेढा. मराठीत तो खोचक बोलण्याचा वाचक झाला. 'विडंबन' या मुळापासून 'विटंबना' निघाली आणि तिचा अर्थ थेट अप्रतिष्ठा असा झाला, विडंबन मात्र वाङ्मयप्रकार म्हणून प्रतिष्ठित राहिले. 'चेष्टा' म्हणजे हालचाल किंवा प्रयत्न. हिंदीत हा अर्थ टिकला, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा.

बोलीच्या पातळीवर मराठी अतिशय समृद्ध आहे. थट्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, टर, खिल्ली, टोमणा, कुचेष्टा, हेटाळणी हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. थट्टा ज्याची होते तोही हसू शकतो, टवाळी ज्याची होते तो हसू शकत नाही. टोमणा ज्याला मारला त्यालाच कळावा, इतरांना कळला नाही तरी चालतो. खिल्ली उडवावयाची तर प्रेक्षक हवेत. म्हणजे या शब्दांची वर्गवारी मुख्यतः संबंधांवर आधारलेली आहे. कोण कोणाला, कोणासमोर, आणि ज्याला बोलले त्याला हसण्यास जागा ठेवून की न ठेवता, हे प्रश्न मराठी शब्द आपल्या पोटात वागवतात. इंग्रजी संज्ञांच्या रांगेत बसवताना हीच माहिती गळून पडते.

३. कुंभकोणम : दोन भाषांचे एक गाव

तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेले कुंभकोणम व्यंकोजी भोसल्यांच्या वंशाच्या राज्यात होते. हे राज्य सतराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकापासून १८५५ पर्यंत टिकले. राज्याबरोबर आलेली मराठी कुटुंबे राज्य गेल्यावरही तेथेच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमच्या अशाच एका देशस्थ घराण्यातला. तंजावरच्या दरबारी बहुभाषिकता ही नुसती सोय नव्हती, तो वाङ्मयीन खेळही होता. शहाजी राजांच्या नावावर असलेल्या 'पंचभाषाविलास' नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या भाषा एकाच रंगमंचावर येतात. सरफोजी दुसरे यांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इसापाच्या कथांचा मराठी अनुवाद 'बालबोध मुक्तावली' या नावाने तंजावरात छापला गेला.

येथील द्विभाषिकाला जे शब्द रोज ऐकू येतात, त्यांत फसवे मित्र पुष्कळ आहेत. संस्कृत 'केली' मराठीत क्रीडेचा, विशेषतः प्रणयक्रीडेचा शब्द, तर तमिळ 'केलि' म्हणजे थट्टा. मराठी 'विकट' हास्याने थरकाप होतो, तर तमिळ 'विगडम्' म्हणजे विनोद, आणि १९२६ मध्ये निघालेल्या 'आनंद विकटन' या प्रसिद्ध नियतकालिकाचे नाव त्याच शब्दावरून आलेले आहे. उलट मराठी 'चेष्टा' आणि तमिळ 'चेट्टै' यांचे नाते जवळचे, दोहोंत खोडकरपणा आहे. 'परिहास' आणि 'परिगासम्' हे जवळजवळ जुळे. याखेरीज किण्डल्, नैयाण्डि, एळनम् अशा शब्दांची तमिळमध्ये स्वतंत्र उतरंड आहे. त्यातील एळनम् मराठी हेटाळणीच्या शेजारी बसते, किण्डल् टिंगलीच्या. हा शेजार शोधण्यास इंग्रजीच्या मध्यस्थीची गरज नाही.

शास्त्राच्या पातळीवर तमिळची मांडणी आणखी स्पष्ट आहे. तोल्काप्पियम् या प्राचीन व्याकरणग्रंथाच्या 'मेय्प्पाट्टियल्' या भागात 'नगै' म्हणजे हास्याची चार कारणे सांगितली आहेत : एळ्ळल् (हेटाळणी), इळमै (बालिशपणा), पेदैमै (अज्ञान) आणि मडन् (भोळेपणा). टीकाकार पेरासिरियर यांनी पहिल्याचे दोन पोटभेद केले. आपण दुसऱ्याला हसणे हा एक, आणि दुसऱ्याने आपली हेटाळणी केली असता आपणच हसणे हा दुसरा. ज्याची चेष्टा झाली त्याचे हसू शास्त्राच्या हिशेबात धरणारी ही सूक्ष्मता लक्षणीय आहे. याच ग्रंथाच्या 'सेय्युळियल्' या भागात निंदाकाव्याला 'अंगदम्' असे नाव आहे आणि त्याचे दोन प्रकार आहेत. अर्थ उघड असतो ते 'सेम्बोरुळ् अंगदम्', आणि निंदा झाकलेली असते ते 'पळिकरप्पु अंगदम्'. आधुनिक तमिळ समीक्षेने 'सटायर'साठी अंगदम् हाच शब्द स्वीकारला आणि 'आयरनी'साठी 'मुरण्नगै', म्हणजे विसंगतीतून येणारे हसू, असा नवा समास घडविला. पहिला प्रतिशब्द जुना असल्याने त्यात झाकलेल्या निंदेची जागा आधीपासून आहे. मराठीत अंगदम् 'सटायर'च्या वाटेने 'उपहास' होऊन येते, तेव्हा तो अर्धा भाग वाटेतच हरवतो.

४. दोन कसोट्या

हा विचार कवितेवर घासून पाहता येतो. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात, म्हणजे १८५४ साली स्थापन झालेल्या जुन्या प्रांतिक शाळेत, उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी १८८० पासून १९०३ पर्यंत तमिळचे अध्यापन केले. ताडपत्रांवरून प्राचीन ग्रंथ शोधून ते छापण्याच्या त्यांच्या कार्याचा ऐन बहर याच काळातला. 'पुरनानूरु' हा संग्रह त्यांनी १८९४ साली प्रसिद्ध केला. त्यात अव्वैयार या कवयित्रीची एक छोटी कविता आहे. अदियमान या आपल्या आश्रयदात्याची दूत म्हणून ती तोंडैमान राजाकडे जाते. तो तिला आपले शस्त्रागार दाखवतो. ती म्हणते की, येथील शस्त्रे मोरपिसांनी सजविलेली, तुपाने चकाकणारी, बंदोबस्तात ठेवलेली आहेत, आणि आमच्या राजाची शस्त्रे मात्र टोके मोडून लोहाराच्या झोपडीत पडलेली आहेत. निंदेचा एकही शब्द येथे नाही. ऐकणाऱ्याने एवढेच जाणावयाचे की, जी शस्त्रे वापरली जातात तीच मोडतात.

या कवितेला 'सटायर' म्हणावे, तर हल्ल्याचा आवेश नाही. 'सार्कॅझम' तर मुळीच नाही. त्या शब्दाच्या ग्रीक मुळात मांस फाडण्याची कल्पना आहे, आणि येथे दूताची मर्यादा क्षणभरही सुटत नाही. संस्कृत आलंकारिक तिला व्याजस्तुती म्हणतील, तमिळ परंपरेत तोच अलंकार 'वंजप्पुगळ्च्चि' या नावाने ओळखला जातो. मराठी वाचकाला व्याजस्तुती हा शब्द परका नाही. असे असता 'उपरोधिक कविता' असा शेरा मारणे म्हणजे जवळचे नेमके माप टाकून लांबचे सैल माप उचलणे होय. अनुवादकाला येथे मुख्यतः संयमाची गरज आहे. मराठीत उपरोध सुचविण्याची साधने फार सुलभ आहेत. 'म्हणे', 'बरे', 'वाटते' अशी अव्यये आणि वाक्यांश, अवतरणचिन्हे, अनाठायी आदरार्थी अनेकवचन, यांपैकी एकही वापरले की अव्वैयारचा चेहरा हलतो, आणि तिचा चेहरा हलला की दौत्य फसते.

दुसरी कसोटी याहून कठीण. पंधराव्या शतकातील काळमेघ कवी परंपरेने कुंभकोणमच्या परिसरातला मानला जातो. श्लेष आणि 'वसै' म्हणजे निंदाकाव्य यांसाठी त्याचे नाव तमिळमध्ये म्हणीत गेले आहे. आख्यायिका अशी की, नागपट्टणम् येथील कात्तान् नावाच्या गृहस्थाच्या अन्नसत्रात त्याला जेवणासाठी फार ताटकळावे लागले, तेव्हा त्याने एक पद्य रचले. सूर्यास्ताला सत्रात तांदूळ येतो, तो कांडून आधणात पडेपर्यंत गाव निजते, आणि पानावर पहिली पळी पडेपर्यंत शुक्र उगवतो, असा त्याचा आशय. यजमानाने क्षमा मागितली. कवीने पद्यातील एक अक्षरही न बदलता त्याचा अर्थ फिरविला. सर्वत्र धान्याचा अस्त होतो अशा दुष्काळातही येथे तांदूळ येतो, तो आधणात पडताच गावाची भूक निवते, आणि पानावरच्या एका पळीचा शुभ्रपणा पाहून शुक्र लाजून पळतो.

इंग्रजीत हे पद्य नेले तर दोन स्वतंत्र अनुवाद द्यावे लागतात, नाहीतर टीपा. मराठीत तसे होत नाही. 'अस्त' हा शब्द सूर्याचाही होतो आणि साठ्याचाही. 'गाव शांत होते' यात झोपही आहे आणि भागलेली भूकही. 'शुक्र निघतो' यात चांदणीचे उगवणे आहे आणि पाहुण्याचे उठून जाणेही आहे. तिन्ही सांधे मराठीत जसेच्या तसे जुळतात. यात योगायोगाचा भाग आहे, परंतु सर्वस्वी योगायोग नाही. संस्कृतातून आलेला शब्दसंग्रह आणि क्रियापदांना अनेक अर्थ वागवू देण्याची सवय, ही दोन्ही भाषांची समान मिळकत आहे. ती इंग्रजीच्या दारातून आत आणण्याचा प्रयत्न केला तर उंबरठ्यावरच सांडते.

५. मराठीतील युरोपीय प्रहसने

मराठीने युरोपीय उपहास कसा आणला, याकडे या प्रकाशात पाहिल्यास एक प्रवृत्ती दिसते. मोलियेरच्या १६६६ मधील प्रहसनाच्या फ्रेंच शीर्षकाचा साधा अर्थ 'मनाविरुद्ध झालेला वैद्य' असा आहे. हरि नारायण आपटे यांनी त्याला 'मारून मुटकून वैद्यबोवा' हे नाव दिले. नाटकात लाकूडतोड्याला मार देऊनच वैद्य करतात, म्हणून नाव अन्वर्थक आहे, आणि मराठी कानाला ते मूळापेक्षाही चटकदार लागते. परंतु फ्रेंच शीर्षक गंभीर चेहऱ्याने उभे आहे, मराठी शीर्षक आधीच हसत आहे. १६६८ मधील दुसऱ्या नाटकाचे शीर्षक नुसते 'कृपण' या अर्थाचे. आचार्य अत्रे यांच्या रूपांतरात ते 'कवडीचुंबक' झाले, आणि पात्र रंगमंचावर येण्यापूर्वीच त्याची टर उडाली. याउलट गोगोलच्या १८३६ मधील नाटकासाठी पु. ल. देशपांडे यांनी 'अंमलदार' हे निर्विकार नाव ठेवले. ज्याला सारे गाव अंमलदार समजते तो अंमलदार नाही, ही सारी गंमत त्या निर्विकारपणामुळे अबाधित राहते.

यांपैकी कोणतेही नाव चुकीचे म्हणता येणार नाही. रूपांतरकाराला प्रेक्षक हवा असतो, आणि मराठी प्रेक्षकाची खिल्लीशी जुनी सलगी आहे. मात्र सोंगावर आधारलेला उपहास मराठीत येताना हल्ल्यावर आधारलेल्या उपहासाकडे झुकतो, हे ध्यानात ठेवावयास हवे. तो झुकाव भाषेच्या दारिद्र्याने होत नाही. खिल्ली, टर, टवाळी यांसारख्या सशक्त शब्दांच्या विपुलतेने होतो.

एका बाबतीत मात्र मराठी आणि तमिळ या दोन्ही भाषा इंग्रजीपेक्षा फ्रेंच आणि जर्मन यांच्या अधिक जवळ आहेत. ती म्हणजे आदराची रूपे. फ्रेंच 'तू' आणि 'वू', जर्मन 'डू' आणि 'झी' यांच्यामध्ये जो अवकाश आहे, तो मराठी 'तू', 'तुम्ही', 'आपण' आणि तमिळ 'नी', 'नींगळ्' यांच्यामध्येही आहे. अतिरिक्त आदर हे उपहासाचे सर्वांत सुसंस्कृत शस्त्र होय. फ्रेंच नाटकातील 'वू' इंग्रजीत 'यू' होऊन मराठीत आला, तर मधल्या मुक्कामी त्याची धार बोथट होते, आणि अनुवादकाला ती पुन्हा आपल्या अंदाजाने लावावी लागते.

यावरून अनुवादकासाठी काही कामचलाऊ सूत्रे निघतात. प्रथम शब्दाचा नव्हे, संबंधाचा शोध घ्यावा : बोलणारा कोण, लक्ष्य कोण, साक्षी कोण, आणि लक्ष्याला हसण्यास जागा आहे किंवा नाही. दुसरे, निंदा उघडी आहे की झाकलेली, हे ठरवावे. त्यासाठी तोल्काप्पियमचा द्विभाग कोणत्याही युरोपीय संज्ञेइतका उपयुक्त आहे. तिसरे, मुळात खूण नसेल तर अनुवादात खूण घालू नये. वाचकाने फसावे असा धोका ज्या रचनेत मूळातच आहे, तेथे तो धोका काढून टाकणे म्हणजे रचनाच काढून टाकणे होय. चौथे, दोन भारतीय भाषांमधील व्यवहारात इंग्रजी संज्ञा वर्णनासाठी वापरावी, निर्णयासाठी नव्हे.

शेवटच्या सूत्राचे महत्त्व भाषांतराच्या तंत्रापुरते मर्यादित नाही. मराठीत तमिळ साहित्य पुष्कळदा इंग्रजीच्या वाटेने येते, आणि त्याच्याबरोबर इंग्रजीची मापेही येतात. त्यामुळे अव्वैयार उपरोधिक ठरते, काळमेघ शब्दांशी खेळणारा विनोदी कवी ठरतो, आणि दोघांचाही खरा अधिकार वाचकाच्या दृष्टीआड राहतो. तो अधिकार म्हणजे सत्ताधाऱ्यासमोर आणि यजमानासमोर सभ्यतेची रेषा न ओलांडता सत्य बोलण्याचा. ज्या कुंभकोणमात मराठी घर आणि तमिळ बाजार यांच्यामध्ये केवळ एक ओसरी होती, तेथील कवींना मराठीत आणण्यासाठी लंडनचा वळसा घेण्याचे कारण नाही. त्यासाठी लागणारे शब्द दोन्ही बाजूंना आहेत. एकमेकांसमोर मांडून त्यांची मोजदाद करण्याचे काम मात्र अद्याप पुष्कळसे व्हावयाचे आहे.